फिरत्या घोड्यांसमोर पन्नासची लेन्स: कॅनन ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम

मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसलेलं मूल समोरून जातं, मध्यखांबाआड दिसेनासं होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच जागी येतं. कॅनन ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम या लेन्सबद्दल जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. मैदानात वाटेल तसं पळणाऱ्या मुलामागे ही लेन्स धापा टाकते. तिची फोकस मोटर (एसटीएम म्हणजे हीच स्टेपिंग मोटर) शांत आहे, पण चपळ नाही. फिरत्या घोड्यांसमोर मात्र हा संथपणा आड येत नाही, कारण मूल कुठे येणार आणि साधारण कधी येणार हे आधीच ठाऊक असतं.

लेन्स २०१५ सालची. वजन सुमारे १६० ग्रॅम, पाच गटांत सहा भिंगं, सात पात्यांचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), ४९ मिमीचा फिल्टर आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळचा फोकस. माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात बसणारा भाग, धातूचा आहे. हाताची थरथर सावरणारं इमेज स्टॅबिलायझेशन नाही. भिंगांची मांडणी मुळात १८९६ सालच्या त्साइस प्लानारच्या घराण्यातली, म्हणजे गेली शंभरहून अधिक वर्षं पन्नासच्या असंख्य लेन्स ज्या आराखड्यावर बनत आल्या तोच.

हे घराणं सांगण्याला कारण आहे. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकावर ५० मिमीची लेन्स होती, आणि पुढे झूम लेन्स स्वस्त होईपर्यंत बहुतेक ३५ मिमी फिल्म कॅमेरे पन्नासचीच लेन्स लावून विकले जात. जुन्या अल्बममधले घरगुती फोटो निरखून पाहिले तर त्यांतले कितीतरी याच नजरेने टिपलेले दिसतात: चेहरा ताणलेला नाही, मागचं जग फार दूर पळालेलं नाही, आणि फोटो काढणारा चार-पाच पावलांवर उभा असल्याचं जाणवतं. फोनचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. त्यात मूल मोठं दिसावं म्हणून जवळ जावं लागतं, मग घोड्याचं तोंड फुगतं आणि मूल मागे लहान दिसतं. फिरत्या घोड्यांचा फोटो पाहून मन मागे जावं असं वाटत असेल, तर रंग पिवळे करण्याआधी उभं राहण्याचं अंतर बदलून पाहावं. अल्बमची ओळख आधी त्या अंतरातून पटते.

उभं कुठे राहायचं

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ही लेन्स पाच मीटरवर ३.६ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच एवढी चौकट टिपते. खुरांपासून मुलाच्या डोक्यापर्यंत अख्खा घोडा आडव्या फ्रेममध्ये बसतो, वर छताच्या कडेचे दिवेही थोडे येतात. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, त्याच जागेवरून चौकट २.२ बाय दीड मीटर होते. तिथे कॅमेरा उभा धरावा, नाहीतर घोड्याचे पाय तरी कापले जातात किंवा मुलाच्या टोपीचा गोंडा. मागे सरकायला जागा असेल तर क्रॉप सेन्सरवाल्यांनी आठ मीटरवर जावं; बहुतेक ठिकाणी मध्ये कठडा आणि रांग असते, म्हणून जागा फेरी सुरू होण्याआधी पाहून ठेवलेली बरी.

चक्र कोणत्या दिशेने फिरतं हे पाहणंही महत्त्वाचं. अमेरिकी पद्धतीची मेरी-गो-राउंड वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे समोर उभ्या माणसाला घोडे डावीकडून उजवीकडे जाताना दिसतात. ब्रिटिश पद्धतीची घड्याळाच्या दिशेने फिरतात. जुन्या लाकडी घोड्यांची बाहेरची बाजू जास्त सजवलेली असायची, खोगिरावरची फुलं, रंगीत काचा, कोरलेली आयाळ हे सगळं तिकडे. आतली बाजू साधी. म्हणून आतून बाहेर पाहत काढलेल्या फोटोत घोडा गरीब दिसतो.

अगदी काटकोनात, घोडा समोरून आडवा जाताना फोटो घेण्याचा मोह होतो. तिथे पितळी दांडा मुलाच्या छातीवरून उभा जातो, कधी नेमका नाकावरून. घोडा आपल्याकडे येत असताना, काटकोनाच्या तीस ते पंचेचाळीस अंश आधी, दांडा चेहऱ्याच्या बाजूला सरकतो, मुलाचे दोन्ही हात दिसतात आणि डोळे आपल्याला शोधत असतात. त्या कोनात येणारी एक ठळक खूण ठरवावी: छताच्या कडेवरचा एखादा फलक, कठड्याचा खांब, जमिनीवरचा दिवा.

कॅमेऱ्याची उंची मुलाच्या डोळ्यांइतकी हवी. चौथरा जमिनीपासून वर असतो आणि घोडा त्याच्याही वर, त्यामुळे मोठ्या माणसाने सरळ उभं राहिलं की बहुतेक वेळा उंची आपोआप जुळते. लहान मुलांच्या फोटोसाठी गुडघ्यावर बसायची सवय इथे उलटी पडते. खालून हनुवटी आणि छताचे बल्ब एवढंच मिळतं.

वेग, आणि शटर किती

आकडे धरून बोलू. बाहेरच्या रांगेतला घोडा मध्यापासून साडेचार मीटरवर आहे आणि चक्र मिनिटाला चार आवर्तनं घेतं, असं समजा. एक आवर्तन पंधरा सेकंदांचं, घोड्याचा वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतका. हे ऐकायला कमी वाटतं, आणि इथेच पहिल्या फेऱ्यांचे फोटो हलतात. पाच मीटरवरून १/१२५ सेकंदात घोडा दीड सेंटिमीटर पुढे जातो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर ही ओढ साधारण २५ पिक्सेलची. पापण्या, केस, हसताना दिसणारे दात सगळं पुसलं जातं. १/५०० ला ती सहा पिक्सेलवर येते, १/१००० ला तीनवर. मूल तिरपं आपल्याकडे येत असेल तर ओढ आणखी कमी होते. म्हणून दिवसा १/१००० आणि संध्याकाळी १/५०० ही सुरुवात ठेवावी. १/२५० वर उतरायचं ते नाइलाजाने, आणि तेव्हा कॅमेरा घोड्याबरोबर हलवत.

वरखाली होणाऱ्या घोड्यांबाबत एक सोय आहे. छताखालच्या क्रँकमुळे घोडा झोक्यासारखा हलतो: मधून जाताना वेग सर्वांत जास्त, अगदी वर आणि अगदी खाली क्षणभर शून्य. बटण त्या वरच्या थांब्यावर दाबावं. मूल छताच्या दिव्यांजवळ असतं, चेहऱ्यावर उजेड जास्त असतो, आणि पोटात गोळा येण्याचं ते हसूही तिथेच येतं.

संधींचा हिशेब असा: तीन मिनिटांची फेरी म्हणजे बारा आवर्तनं, आणि प्रत्येकात साठ अंशांचा कामाचा टप्पा धरला तर अडीच सेकंद. पहिलं आवर्तन नुसतं पाहण्यात घालवावं. घोडा कुठे वर येतो, उजेड कुठे पडतो, मूल कुठल्या बाजूला बघतं. दुसऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, पक्कं करावं. उरलेल्या दहांत प्रत्येक वेळी तीन-चार फ्रेमची छोटी माळ पुरते. बटण दाबून धरलं की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती) भरतो आणि नेमकं मूल हात हलवतं तेव्हा कॅमेरा गप्प बसतो.

फोकस

या लेन्सची कसोटी इथे लागते. मूल आपल्याकडे येत असताना एफ/१.८ वर सतत फोकस लावून ठेवला तर दोन गोष्टी बिघडतात. एक, चकाकणारा पितळी दांडा मुलाच्या गालापेक्षा जास्त ठसठशीत असतो, आणि फोकस तिकडे धाव घेतो. दुसरं, मध्यखांबाचे आरसे. त्यातलं प्रतिबिंब आरशाच्याही मागे असल्यासारखं फोकसला दिसतं; पॉइंट एकदा तिथे घसरला की लेन्स दूर जाते आणि परत यायला तिला जो वेळ लागतो तेवढ्यात घोडा निघून गेलेला असतो. चेहरा ओळखणारे कॅमेरे यात बरेच सावरून घेतात, तरी दांडा चेहऱ्यासमोर आला की तेही चुकतात.

यावर जुना उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. ठरवलेल्या खुणेवर घोडा आला की मधल्या एकाच पॉइंटने खोगिरावर किंवा मुलाच्या खांद्यावर फोकस घ्यावा. लगेच लेन्सच्या बाजूची कळ एएफवरून (ऑटो फोकस) एमएफवर (हाताने फोकस) सरकवावी. अ‍ॅपर्चर एफ/२.८ करावं. आता पाच मीटरवर साधारण ४.३ पासून ६ मीटरपर्यंतचा पट्टा पुरेसा स्पष्ट आहे. एफ/१.८ ला हाच पट्टा ४.५ ते ५.६ मीटर एवढाच असतो. मूल पुढे वाकलं आणि अंदाज अर्ध्या मीटरने चुकला तर फोटो गेला. घोडा पट्ट्यात शिरताना माळ सुरू करायची आणि बाहेर पडताना थांबवायची. मोटर कितीही हळू असो, तिला आता काही कामच उरलेलं नाही.

एक काळजी: या लेन्सची फोकस रिंग विजेवर चालते. कॅमेरा बंद असेल किंवा झोपला असेल तर रिंग फिरते, भिंग हलत नाही. म्हणून ऑटो पॉवर ऑफचा वेळ वाढवून ठेवावा आणि कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला तर फोकस नव्याने तपासावा. फोकस करताना पुढची नळी आतबाहेर होते. कठड्यावर टेकवलेला कॅमेरा कोणाच्या धक्क्याने तिच्यावर आदळला तर यंत्रणा बिघडू शकते. ईएस-६८ हा हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावलेला असावा, उजेडासाठी आणि या धक्क्यांसाठीही.

दिवे

संध्याकाळी दिवे लागले की पन्नासच्या लेन्सचं खरं मोल कळतं. साध्या झूम लेन्सला लांबच्या टोकाला एफ/५.६ मिळतं. एफ/१.८ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० लागत असेल तिथे एफ/५.६ ला सुमारे १६००० लागेल. तेवढ्या आयएसओला मुलाच्या गालावरचा रंग आधी जातो आणि मग तपशील.

पण दिवे फसवतातही. छताच्या कडेचे बल्ब कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला भुलवतात, फ्रेममध्ये बल्ब जास्त आले की चेहरा काळवंडतो, कमी आले की उजळतो. मॅन्युअल एक्स्पोजर ठेवावं आणि खुणेवरच्या चेहऱ्याप्रमाणे आयएसओ बांधून टाकावा. बल्ब पांढरे जळाले तरी हरकत नाही, ते दिवेच आहेत.

एलईडी दिव्यांची अडचण वेगळी. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झवर एकशे वीस वेळा. १/१००० चं शटर त्यातला एक छोटासा तुकडा पकडतं. त्यामुळे एकाच माळेत एक फोटो उजळ, दुसरा फिका, तिसऱ्यात आडवा पट्टा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करावं, इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावं, आणि तरीही जमत नसेल तर १/१०० किंवा १/१२५ ला येऊन कॅमेरा घोड्याबरोबर फिरवावा. जुन्या तारेच्या बल्बांची तार एवढ्यात थंड होत नाही, तिथे हा त्रास फारसा नाही.

व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा दिसावा याची मांडणी) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा बल्बांचा पिवळेपणा धुऊन काढण्याचा प्रयत्न करतो. ३२०० केल्विनला तारेचे बल्ब जवळजवळ पांढरे दिसतात. ४००० च्या आसपास ठेवलं की ऊब राहते आणि कातडी नारिंगी होत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, फोटो घेतले तर हा निर्णय घरी निवांत घेता येतो. सेपिया, खोटे दाणे, कडेच्या खोट्या जळालेल्या पट्ट्या यांची गरज नाही. एफ/१.८ ला ही लेन्स स्वतःच कोपरे काळे करते आणि दिव्यांभोवती मऊ आभा सोडते. आठवणीला लागतो तेवढा धूसरपणा त्यात आहे.

फिरतेपणा दाखवायचा असेल तर

गोठवलेल्या फोटोत घोडा दुकानात ठेवल्यासारखा दिसतो, ही तक्रार रास्त आहे. काही फेऱ्या १/३० ला द्याव्यात. एफ/८, आयएसओ कमी, पाय रोवलेले, कंबरेतून वळायचं, मुलाच्या चेहऱ्यावर पॉइंट ठेवून खुणेच्या आधीपासून खुणेच्या नंतरपर्यंत कॅमेरा फिरवत राहायचं. वरच्या उदाहरणात ही फिरकी सेकंदाला साधारण २२ अंशांची आहे. चेहरा जागेवर राहतो आणि मध्यखांबावरचे आरसे-दिवे शंभरेक पिक्सेल ओढले जातात. आतल्या रांगेतले घोडे त्याच दिशेने जात असल्याने कमी ओढले जातात, साठच्या आसपास. त्यामुळे मागचं सगळं एकसारखं फासलं जात नाही. थराथराने पुसट होत जातं, आणि चक्र खरोखर खोल वाटतं.

यात फोटो बिघडतो तो बहुधा उभ्या हालचालीने. कॅमेरा आडवा फिरतो, पण घोडा त्याच वेळी वर चढत असतो. म्हणून इथेही वरचा थांबाच गाठायचा. नाहीतर स्थिर बसलेल्या घोड्यावर मुलाला बसवावं. दहा प्रयत्नांत दोन साधले तरी चांगलं. स्टॅबिलायझेशन नसल्याने हातालाच सगळं करावं लागतं.

घोड्याशेजारी उभं राहून

मूल फारच लहान असेल तर मोठ्या माणसाला शेजारी उभं राहावं लागतं. तिथे ही लेन्स कमी पडते. एक मीटर वीस सेंटिमीटरवर फुल-फ्रेमवरही चौकट जेमतेम ८५ बाय ५५ सेंटिमीटर, डोकं आणि खांदे. क्रॉप सेन्सरवर फक्त चेहरा. एफ/१.८ ला स्पष्टतेचा पट्टा सहा सेंटिमीटर, म्हणजे एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. घोडा नाही, दिवे नाहीत, मग हे मूल खुर्चीवरही बसलेलं असू शकतं. या जागेवरून २४ किंवा ३५ मिमीची लेन्स हवी, आणि ती नसेल तर फोन चांगला. चौथऱ्यावर तुम्ही आणि मूल दोघंही एकाच वेगाने फिरत असता, त्यामुळे १/१५ ला मूल स्पष्ट आणि बाहेरचं जग वाहून गेलेलं असा फोटो मिळतो. पॅनिंग, म्हणजे मुलाबरोबर कॅमेरा फिरवण्याचं काम, चक्रच करून देतं. पण एक हात मुलाच्या पाठीशी असलाच पाहिजे, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवा, आणि चक्र चालवणारा नको म्हणाला तर कॅमेरा पिशवीत. फ्लॅश टाळावा: पितळी दांडा पांढरा जळतो, आरशातून उजेड परत येतो आणि पुढच्या घोड्यावरचं मूल दचकतं.

उणिवा

एफ/१.८ ला बल्बांच्या कडांना जांभळी किनार येते, एफ/२.८ ला बरीचशी जाते. फ्रेममध्ये समोरून तेज दिवा आला की कॉन्ट्रास्ट पडतो आणि कधी फिकट ठिपके उमटतात. धूसर दिव्यांच्या चकत्या मध्यभागी गोल, कडेला मात्र बदामासारख्या चेपलेल्या दिसतात. एफ/११ च्या पुढे दिव्यांना चौदा टोकांची चांदणी फुटते, सात पात्यांची ही खासियत; एखाद्या फोटोत ती छान दिसते, प्रत्येकात नको.

१९९० सालची एफ/१.८ II हातात असेल तर? काचेत फार फरक नाही. तिला पाच पाती आहेत, म्हणून अ‍ॅपर्चर लहान केलं की दिव्यांच्या चकत्या पंचकोनी होतात, माउंट प्लास्टिकचा आहे आणि मोटर आवाज करते. घोड्यांच्या वाजत्या संगीतात तो आवाज कोणाला ऐकू जात नाही, फोकस बांधून ठेवण्याच्या पद्धतीला ती अगदी पुरेशी आहे. कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला, आरएफ माउंटचा) कॅमेरा असणाऱ्यांनी २०२० ची आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम पाहावी: वजन तेवढंच, फिल्टर ४३ मिमीचा, फोकस ३० सेंटिमीटरपर्यंत, सहांपैकी एक भिंग अ‍ॅस्फेरिकल (अगोलीय). ईएफची लेन्स आधीच असेल तर अ‍ॅडॉप्टर लावून तीच वापरावी. या कामासाठी दोघींमधला फरक छोट्या छापात दिसणार नाही.

छापायचंच, हे मात्र ठरवून ठेवावं. ३:२ ची फ्रेम सहा बाय चार इंचाच्या कागदावर न कापता बसते. निवडताना सर्वांत स्पष्ट फोटोच्या मागे लागू नये. खुणेच्या आधी, गर्दीत आपलं माणूस सापडल्याचा चेहऱ्यावरचा क्षण. रिकिबीपर्यंत न पोचलेले बूट. दांड्याला घट्ट धरलेल्या मुठी. आणि लांब जाताना, मान वळवून मागे पाहणारं मूल. हा शेवटचा फोटो बहुतेक जण घेत नाहीत, कारण चेहरा अर्धाच दिसतो आणि तोवर कॅमेरा खाली आलेला असतो. तो घ्यावा. एमएफवर बांधलेला फोकस तिथे चालत नाही, म्हणून शेवटच्या दोन आवर्तनांत कळ पुन्हा एएफवर आणावी, अ‍ॅपर्चर एफ/२ करावं आणि घोडा खुणेच्या पलीकडे गेल्यावर बटण दाबावं. दूर जाणाऱ्या मुलाबरोबर ही मोटर बेताबेताने टिकते, कारण अंतर वाढत जातं तशी फोकसची चूक खपून जाते. छापलेल्या कागदामागे मऊ पेन्सिलीने तारीख आणि मुलाचं वय लिहावं. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो.